कार्ल्याचे दगडी मजले

बहुमजली इमारत म्हटलं की आपल्याला मुंबई आठवते. पण लोणावळ्याजवळ, मावळातल्या कार्ल्याच्या डोंगरात सुमारे 1900 वर्षांपूर्वीचे मजले कोरलेले आहेत. एकवीरा आईच्या पायऱ्या चढून गेलात की बौद्ध चैत्यगृहाच्या, म्हणजे प्रार्थनागृहाच्या, ओसरीत थांबा आणि दोन्ही बाजूंच्या भिंती पाहा. तळाशी हत्ती, जणू साऱ्या इमल्याचा भार पाठीवर घेतलेले. त्यांच्यावर एकावर एक मजले, कठडे, कमानीच्या खिडक्या. तेव्हाच्या लाकडी इमारतींचं हे दगडात उतरलेलं रूप. त्या इमारती कधीच गेल्या, कातळ राहिला. आत छताला मात्र जुन्या सागवानी फासळ्या आजही आहेत!

पूजा, निवास, पाणी, सगळं एकाच डोंगरात: 37 खांबांचं चैत्यगृह, शेजारी भिक्खूंचे मजली विहार, पाण्याची टाकी. दान दिलं व्यापाऱ्यांनी, धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनीही, म्हणजे ग्रीकांनीही. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठींनी शिलालेखात या चैत्यगृहाला जंबुद्वीपातलं, म्हणजे भारतातलं, सर्वोत्तम शैलगृह म्हटलंय, आणि मला तो अभिमान अगदी रास्त वाटतो. पण माझी नजर खिळते ती प्रवेशद्वारापाशी. तिथल्या लेखात एका सुताराचं नाव आहे: धेनुकाकटचा सामी.