पुस्तक वाचून स्वभाव बदलतो का?



एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर पूर्वी रहस्यकथा आणि राशिभविष्य दर्शनी जागी असायचं. आता तिथे आत्मविश्वास, सवयी, यश आणि मनःशांती यांची पुस्तकं मांडलेली दिसतात. समुपदेशनासाठी येणाऱ्या बऱ्याच जणांनी त्यातलं काही ना काही वाचलेलं असतं. तक्रारही ठरलेली असते : “वाचताना सगळं पटतं हो, पण फरक काही पडत नाही.”

अशा वेळी मी अल्बर्ट एलिस यांची गोष्ट सांगतो. एलिस हे विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचे जनक. आपल्याकडे ही पद्धत किशोर फडके यांनी रुजवली. एलिस १९ वर्षांचे होते तेव्हा मुलींशी बोलायची त्यांना भयंकर धास्ती वाटे. तत्त्वज्ञांची पुस्तकं त्यांनी भरपूर वाचली होती. नकारानं कुणी मरत नाही, हे बुद्धीला पटलेलंही होतं. पाऊल मात्र उचललं जात नव्हतं. मग त्यांनी न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचं ठरवलं. बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली, की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. एलिस सांगत, की १३० जणींपैकी ३० उठून निघून गेल्या आणि उरलेल्या १०० जणींशी बोलणं झालं. एकीनं पुन्हा भेटायचं कबूल केलं, पण तीही आली नाही. हिशेब मांडला तर पदरी शून्य. भीती मात्र पार ओसरली. (तरुण श्रोत्यांनी बागेतल्या अनोळखी मुलींवर हा प्रयोग करू नये. कार्यालयातल्या बैठकीत उठून एक प्रश्न विचारा, तेवढं पुरे.)

वाचलेलं अंगी लागतं ते असं, कृतीतून.

आता एका पुस्तकाचंच उदाहरण घ्या. डेव्हिड बर्न्स यांचं ‘फीलिंग गुड’ हे नैराश्यावरचं पुस्तक १९८० साली निघालं. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाचे फॉरेस्ट स्कोगिन आणि त्यांचे सहकारी यांनी ते सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या वयस्कर मंडळींना चार आठवडे वाचायला दिलं. पुष्कळांची लक्षणं खरोखरच कमी झाली. पण या पुस्तकात करायला सांगितलेले स्वाध्याय आहेत, आणि संशोधक दर आठवड्याला फोन करून वाचन कुठवर आलं, याची चौकशी करत होते. या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात.

त्याच धर्तीचा एक स्वाध्याय घरी करून पाहण्याजोगा आहे. वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात काय घडलं ते लिहा : मुलाला फोन केला, त्यानं उचलला नाही. दुसऱ्यात त्या क्षणी मनात आलेलं वाक्य, जसंच्या तसं : ‘त्याला आता माझी गरजच उरली नाही.’ तिसऱ्यात या वाक्याला पुरावा काय, ते लिहा. परवा त्यानं आपणहून फोन केला होता का? या वेळी तो लोकलमध्ये लटकत असेल का? मनातल्या मनात हे करू नका. लिहिलेलं वाक्य समोर दिसतं, त्याची उलटतपासणी घेता येते. मराठीतून ही विचारपद्धती समजून घ्यायची असेल, तर डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या ‘स्वभाव-विभाव’पासून सुरुवात करा.

आता थोडं पुस्तकांच्या खोटेपणाविषयी. ‘२१ दिवसांत नवी सवय’ हे तुम्ही ऐकलंच असेल. याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीसेक दिवस लागतात, एवढंच त्यांचं निरीक्षण होतं. पुढच्या लेखकांनी ‘किमान’ गाळलं आणि चेहऱ्याच्या जागी सवय घातली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी लोकांच्या सवयी प्रत्यक्ष मोजल्या, तेव्हा कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला हिशेबानं २५४ लागतील असं दिसलं. मध्यावरचा आकडा ६६ होता. तेव्हा बाविसाव्या दिवशी पहाटे उठवलं नाही, तर स्वतःला नालायक ठरवू नका. तीच गत आरशासमोर ‘मी फार छान आहे’ असं घोकायच्या सल्ल्याची. कॅनडातल्या जोअॅन वुड यांच्या २००९च्या अभ्यासात दिसलं, की ज्यांना स्वतःविषयी मुळातच कमीपणा वाटतो, त्यांना असली वाक्यं घोकून उलट जास्त वाईट वाटतं. म्हणजे ज्यांच्यासाठी औषध, त्यांनाच ते बाधतं!

म्हणून पुस्तक घेताना मलपृष्ठ वाचा. लेखकानं माणसांवर उपचार केले आहेत, की नुसती भाषणं दिली आहेत? आत करण्यासारखं काही दिलं आहे का? आणि एका वेळी एकच पुस्तक घ्या. त्यातला एक स्वाध्याय दोन-तीन महिने चालू ठेवा, आणि दर रविवारी ‘केलंस का?’ असं विचारायला घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा.

काही वेळा मात्र पुस्तक बाजूलाच ठेवायला हवं. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातलं लक्ष उडालं असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटू लागलं असेल, तर दोन आठवडेही थांबू नका. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक आहे १४४१६. पुन्हा सांगतो, एक चार चार एक सहा. फोन मोफत आहे, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. क्रमांक आत्ताच लिहून घ्या, आणि शेजाऱ्यांकडे रेडिओ नसेल तर त्यांनाही द्या.