निवेदन म्हणजे हमीपत्र

विधी महाविद्यालयांत अभिरूप खटल्यांच्या स्पर्धा होतात. खटला कल्पित, पण साक्षीदार, सरतपासणी, उलटतपासणी सारे खऱ्या कोर्टासारखे. अशा स्पर्धांना मी परीक्षक म्हणून जातो. पुरावा सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंना चार-पाच मिनिटे मिळतात. त्या भाषणाला प्रारंभिक निवेदन म्हणतात. पुष्कळ मुले त्याला वक्तृत्व समजतात आणि तिथेच फसतात.

एका स्पर्धेत एस.टी. स्थानकाबाहेरच्या चाकूहल्ल्याचा खटला होता. सरकारी पक्षाची मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, "आरोपीला वार करताना पाहणारा साक्षीदार आम्ही उभा करू." टाळ्या पडल्या. प्रत्यक्षात पानटपरीवाल्याच्या जबाबात एवढेच होते, की त्याने आरोपीला पळताना पाहिले. बचाव पक्षाच्या मुलाने तिचे वाक्य टिपून ठेवले आणि शेवटच्या युक्तिवादात जसेच्या तसे वाचून दाखवले. पळणे आणि वार करणे यांतले अंतर सर्वांनाच दिसले. बाकीचा पुरावा बरा असूनही तिच्या बाजूवरचा विश्वास उडाला.

म्हणून मी मुलांना सांगतो, निवेदन हे हमीपत्र आहे. जेवढे शाबीत करता येईल, तेवढेच लिहून द्या. आधी घटना सांगा, ती काळाच्या क्रमाने. मग कोणता साक्षीदार काय सांगेल, ते सांगा. "पुराव्यावरून असे दिसून येईल" हे शब्द वापरा. साक्षीदार खोटा की खरा, हा युक्तिवाद शेवटासाठी ठेवा. आपल्या बाजूतले लंगडे कलम लपवू नका. आपण सांगितले तर ते अडचण असते, समोरच्याने सांगितले तर लबाडी ठरते. बचाव पक्षाने तर आणखी जपावे. निर्दोषत्व सिद्ध करण्याची हमी त्याने देऊच नये. शंका कुठे आहे, एवढेच दाखवावे.

हे केवळ स्पर्धेपुरते नाही. सत्र खटल्यात आरोप काय आणि तो कोणत्या पुराव्याने शाबीत करणार, हे सरकारी वकिलाने आरंभीच सांगावे, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २२६ म्हणत होते. हे कलम विस्मरणात गेल्याची खंत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये व्यक्त केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच तरतूद कलम २४९ मध्ये आहे.

खऱ्या कोर्टात पिंजऱ्यात माणूस उभा असतो. आपल्याविरुद्ध नेमके काय आणि कशाच्या आधारावर म्हटले जात आहे, हे त्याला पहिल्याच दिवशी कळायला हवे. स्पर्धेतली मुले उद्या वकील होतील. ढाल कोणाला मिळाली हे ती विसरतील, पण मोजून बोलण्याची ही सवय त्यांच्याबरोबर कोर्टात जावी.