मी नक्की कुठे आहे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

विमानाची चाकं जमिनीला टेकली, की प्रवाशांचे पट्टे सुटायला लागतात. हवाईसुंदरी बसा बसा म्हणत असते आणि निम्मे लोक उभे! त्यांच्या लेखी प्रवास संपलेला असतो. मी बरीच वर्षं कंट्रोल टॉवरमध्ये काढली. आमचा जीव मात्र ते विमान आपल्या जागी उभं राहीपर्यंत टांगलेला असे. जमिनीवरच्या या चालीला टॅक्सी करणं म्हणतात.

लोक मला विचारतात, हजारो मैल बिनचूक आलेला वैमानिक विमानतळावर कसा हो चुकेल? चुकतो. हवेत त्याच्या दिमतीला उपकरणं असतात. जमिनीवर त्याची भिस्त मुख्यतः डोळ्यांवर, रंगवलेल्या रेघांवर, दिव्यांवर आणि टॉवरच्या शब्दांवर. जंबोमध्ये तो दोन-अडीच मजले उंच बसतो, पण स्वतःच्या पंखांची टोकं त्याला दिसत नाहीत. टॅक्सीवेच्या मधोमध पिवळी रेघ असते. मोठ्या विमानतळांवर रात्री तिच्यावर हिरवे दिवे आणि कडेला निळे. काळ्या पाटीवर पिवळं अक्षर म्हणजे तुम्ही इथे आहात. पिवळीवर काळं म्हणजे तिकडची वाट. लाल पाटीवर पांढरं दिसलं, की पुढे धावपट्टी. तिथे जमिनीवर चार पिवळ्या रेघा असतात, दोन अखंड, दोन तुटक. टॅक्सीवेकडून जाताना अखंड रेघा आधी लागतात. ही आमची लक्ष्मणरेषा. परवानगीवाचून ओलांडायची नाही.

8 ऑक्टोबर 2001 रोजी इटलीत, मिलानच्या लिनाते विमानतळावर सकाळी दाट धुकं होतं. एका छोट्या जेट विमानाला 'आर 5' या टॅक्सीवेनं उत्तरेकडे जायला सांगितलं. वैमानिकानं 'आर 5' असं नीट परत म्हटलं आणि फाट्यावर तो वळला 'आर 6' वर. ही वाट मुख्य धावपट्टीला छेदून जाणारी. वाटेत जमिनीवर 'एस 4' अशी खूण दिसली, तीही त्यानं कळवली. पण ती खूण नकाशातच नव्हती, कंट्रोलरला ठाऊकही नव्हती. विमान 'आर 5' वरच आहे असं समजून त्यानं पुढे जायला सांगितलं. जमिनीवरची विमानं दाखवणारा जुना रडार काढलेला, नवा अजून सुरू झालेला नव्हता. त्याच क्षणी स्कॅन्डिनेव्हियन एअरलाइन्सचं प्रवासी विमान उड्डाणासाठी धावत होतं. 118 माणसं गेली. त्यांतले चौघे तर विमानतळावर आपलं रोजचं काम करत होते. मला बोचतं ते हे, की आपण कुठे आहोत हे त्या वैमानिकानं खरं तेच सांगितलं होतं.

त्याआधीचा मोठा अपघात सर्वांना माहीत असतो. 27 मार्च 1977, तेनेरिफ बेट, पुन्हा धुकं, दोन जंबो, 583 मृत्यू. पॅन ॲमचं विमान धावपट्टीवरूनच टॅक्सी करत होतं. तिसऱ्या फाट्याला वळायचं ते पुढे गेलं होतं. केएलएमच्या कॅप्टननं परवानगी मिळण्याआधीच समोरून विमान दामटलं. धाव सुरू झाल्यावर त्याच्या फ्लाइट इंजिनियरनं शंका काढली होती, ते विमान अजून बाहेर गेलं नाही का? कॅप्टननं ठासून सांगितलं, गेलं. पुढे नियम झाला, 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणा.

आणि हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाचं विमान चुकून धावपट्टीवर जाऊन थांबलं. जपान एअरलाइन्सचं उतरणारं विमान त्याच्यावर आदळलं. त्यातले 379 जण बचावले, तटरक्षक दलाचे पाच गेले. टॉवरमधल्या पडद्यावर इशारा उमटला होता, पण कंट्रोलरच्या तो ध्यानात आला नाही.

आता माझंच सांगतो. नवा होतो तेव्हा भराभर सूचना देण्यात मला मोठी शान वाटे. कोणी पुन्हा विचारलं, की माझा आवाज चढायचा. जुलैतली एक रात्र. त्या लहानशा विमानतळावर ग्राउंड आणि टॉवर दोन्ही मीच सांभाळत होतो. पाऊस असा, की रेघा पाण्याखाली गेलेल्या. एका वयस्क वैमानिकाचा शांत आवाज आला, ‘‘मी थांबलोय. मी नक्की कुठे आहे याची मला खात्री नाही.’’ दुसरं विमान उतरायच्या बेतात होतं. मी त्याला वर जायला, फेरी मारून परत यायला सांगितलं आणि जीप धाडली. जीपवाल्यानं कळवलं, विमान अगदी सांगितल्या जागी, रेघेच्या अलीकडे उभं आहे. वैमानिक म्हणाले, ‘‘उगाच त्रास दिला तुम्हाला.’’

सकाळी वरिष्ठांनी विचारलं, दुसऱ्या विमानाला फेरी का मारायला लावली? मी सांगितलं. त्यांनी नोंदवही वाचली, सही केली आणि माझ्यासाठीही चहा मागवला.