शब्दांचे भाडे

पूर्वी काही अडले म्हणजे माणूस शेजाऱ्याला विचारी, दुकानदाराला विचारी, नाहीतर गावातल्या मास्तरांकडे जाई. आज तो खिशातला फोन काढतो आणि दोन-चार शब्द लिहितो : 'डाळिंब तेल्या उपाय', 'पाठदुखी गादी कोणती', 'जुनी मोटार विमा'. या शब्दांना कीवर्ड म्हणतात. आपण शोधशब्द म्हणू. अशा एकेका शोधशब्दाभोवती छोटी वेबसाइट उभारायची आणि तिच्यावर दिसणाऱ्या जाहिरातींचे पैसे मिळवायचे, असा एक धंदा गेली वीसेक वर्षे जगभर चालू आहे. वर्गातली मुले अधूनमधून विचारतात, "सर, यात खरंच पैसे मिळतात का?" प्रश्न सरळ आहे, तेव्हा उत्तरही सरळच द्यायला हवे.

प्रथम हा पैसा येतो कुठून ते पाहू. २००३ साली गूगलने ॲडसेन्स नावाची योजना काढली. तुमच्या पानावर जागा तुमची, जाहिरात दुसऱ्याची आणि मध्यस्थ गूगल. गूगलच्याच खिडकीतून आलेल्या जाहिरातदाराने शंभर रुपये मोजले, तर त्यातले साधारण अडुसष्ट पानाच्या मालकाला पोचतात. कोणती जाहिरात लागायची हे लिलावाने ठरते, आणि हा लिलाव क्षणार्धात होतो. म्हणून सगळ्या शब्दांचा भाव सारखा नसतो. कवितेच्या पानाला फारसे गिऱ्हाईक नाही; विमा, कर्ज, वकील यांच्या पानांना पुष्कळ आहे.

याचे जुने उदाहरण अमेरिकेतले आहे. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे 'मेसोथेलिओमा' नावाचा कर्करोग होतो. तिथे अशा रोग्यांच्या नुकसानभरपाईचे दावे फार मोठ्या रकमांचे असतात. एक दावा हाती लागला तरी वकिलाला भरपूर मिळते. म्हणून हा शब्द वर्षानुवर्षे महागड्या शोधशब्दांत गणला गेला. मग काय झाले? ज्यांनी आयुष्यात कधी रुग्णालयाचा उंबरठा ओलांडला नव्हता, अशा लोकांनीही या रोगावर पाने लिहिली. घाबरलेला रोगी किंवा त्याचा मुलगा तिथे येई, त्याला इकडून तिकडून उचललेले चार परिच्छेद मिळत, आणि भोवताली वकिलांच्या जाहिराती. धंद्यातली खरी मेख इथे आहे. जाहिरातदाराला विकली जाते ती वाचकाची गरज. ती गरज भागवायची की नुसती अडवून धरायची, हे पानाचा मालक ठरवतो.

आता हिशेब करू. आकडे मी समजुतीसाठी धरतो. समजा, पान हजार वेळा पाहिले गेले की शंभर रुपये मिळतात. तर महिन्याला दहा हजार रुपये मिळवायला पान एक लाख वेळा पाहिले गेले पाहिजे. वेबसाइटच्या नावाचे वार्षिक शुल्क आणि जागेचे भाडे वेगळे. शिवाय खात्यात शंभर डॉलर साठल्याशिवाय पैसे हाती येत नाहीत. म्हणजे पहिले कित्येक महिने नुसते लिहीतच बसायचे. 'घरबसल्या महिन्यात लखपती व्हा' असे सांगून शिकवणीची फी घेणारे भेटले, तर त्यांची कमाई पानांतून होते की फीतून, एवढे जरूर विचारा. आणि मित्रांना आपल्याच जाहिराती दाबायला सांगण्याचा मोह टाळा; ते नियमाविरुद्ध आहे, आणि त्यापायी खाते कायमचे बंद होऊ शकते.

याहून मोठा धोका रस्त्याचा आहे. हमरस्त्याला बायपास निघाला, की जुन्या नाक्यावरची हॉटेले ओस पडतात. चहा तोच, पाव-मिसळ तीच. पण गाडीच थांबत नाही. इथे वाचक गूगलच्या रस्त्याने येतो, आणि गूगलने तो रस्ता अनेकदा वळवला आहे. २०११ च्या फेब्रुवारीत 'पांडा' नावाच्या बदलाने उथळ पानांची रांगच्या रांग मागे ढकलली. २०१२ साली, केवळ नावात शोधशब्द आहे म्हणून वर आलेल्या निकृष्ट वेबसाइट खाली गेल्या. २०२२ पासून, वाचकासाठी न लिहिता शोधयंत्रासाठीच लिहिलेली पाने वेचून मागे टाकण्याचे धोरण आले. आणि २०२४ साली, मे महिन्यात अमेरिकेत व ऑगस्टात आपल्याकडे, पुष्कळ प्रश्नांची यंत्राने लिहिलेली उत्तरे गूगल स्वतःच वर दाखवू लागले. ज्याला तेवढ्याने भागते तो पुढे कशाला जाईल?

मग या वाटेला जाऊच नये काय? मी तसे म्हणणार नाही. सांगोल्याकडचा एखादा डाळिंब-बागाईतदार घ्या. तेल्यावर कोणती फवारणी, एवढे तर कुठलेही यंत्र सांगेल. पण मृग बहार धरला तर पावसाळी दमटपणात रोग का बळावतो, हस्त बहाराला काय सांभाळावे, छाटणीची कात्री झाडागणिक निर्जंतुक न केल्यास काय होते, हे जो स्वतःच्या बागेतली छायाचित्रे देऊन, तारखा घालून लिहील, त्याच्याकडे शेतकरी पुन्हा येईल. पुढे पुढे तो गूगलला न विचारता सरळ त्याच्याच नावाने येईल. असा वाचक बायपास निघाला तरी तुटत नाही. जाहिरातही मग ठिबकची, रोपांची, अवजारांची, म्हणजे वाचकाच्या उपयोगाची असण्याचा संभव अधिक.

तेव्हा विषय निवडताना शब्दाचा भाव पाहा, जरूर पाहा. तो किती वेळा शोधला जातो हे सांगणारी साधनेही आहेत. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. हा शब्द लिहिणारा माणूस उद्या आपल्या दारात उभा राहिला, तर त्याला पाच मिनिटे उपयोगी पडेल असे काही आपल्यापाशी आहे का? असेल तर लिहा, नोकरी-शेती न सोडता लिहा, आणि वरकमाई म्हणूनच त्या पैशाकडे पाहा. नसेल, तर आधी तो विषय शिका. पान मागाहून लिहिता येईल.