चवली-पावलीचे गणित
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"इंटरनेट म्हणजे काय, ते आम्हांला समजेल असे सांगा," अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी भिंतीवर ती दिवे लुकलुकणारी पेटी आहे. ती अडली की परदेशी असलेल्या लेकीचा चेहरा दिसेनासा होतो, विजेचे बिल भरावयाचे राहते आणि मुलगा कचेरीतून येईपर्यंत आपण हात जोडून बसतो. हे मला पटत नाही. त्या पेटीतले गणित आपल्या आज्यांच्या बटव्यातच होते!

१ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. त्यापूर्वीची नाणी आठवा: आणा, चवली, पावली, अधेली. म्हणजे एक, दोन, चार, आठ आणे. प्रत्येक नाणे मागच्याच्या दुप्पट. ही चार नाणी एकेकच जवळ असली, तरी पंधरा आण्यांपर्यंत कोणतीही रक्कम बरोबर देता येते. तेरा आणे द्यावयाचे? अधेली दिली, पावली दिली, चवली ठेवली, आणा दिला. दिले तेथे १ लिहा, ठेवले तेथे ० लिहा. झाले ११०१! हीच द्विमान पद्धती. दहा आकडे ओळखण्यापेक्षा दिवा लागला की विझला एवढेच ओळखणे यंत्राला सोपे, चुकीला जागाही कमी. लाइबनिट्स या जर्मन पंडिताने १७०३ साली ही रीत छापून मांडली. आपल्या पिंगलाचार्यांनी लघु-गुरूंचे प्रस्तार त्याच्या कितीतरी आधी मांडले होते. पण म्हणून संगणकही आपलाच, असे कोणी म्हणू लागले तर माना डोलावू नका.

आता नाणी आठ घ्या. शेवटचे १२८ चे, सर्वांची बेरीज २५५. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचा पत्ता अशा चार आकड्यांचा असतो. त्यांतला एकही २५५ च्या वर जात नाही, तो यामुळे. असे पत्ते सुमारे ४२९ कोटी होतात. जगाला ते पुरले नाहीत, म्हणून पुष्कळ लांब असा नवा पत्ता काढावा लागला. जुन्या पत्त्यावर मात्र वाड्यासारखा कारभार चालतो: पत्ता एक, बिऱ्हाडे अनेक. कोणते टपाल कोणत्या बिऱ्हाडाचे, ते आपली पेटी जाणते.

लेकीने पाठविलेला फोटो अखंड येत नाही. त्याचे तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक पडतो. ते समुद्राच्या तळाशी टाकलेल्या काचतंतूंतून प्रकाशरूपाने येतात (मुंबईत वर्सोव्याला अशा तारा किनाऱ्याला लागतात) आणि येथे क्रमाने जुळतात.

पेटीवरचा 'एलओएस' लिहिलेला दिवा तांबडा झाला, तर बाहेरून प्रकाशच येत नाही असे समजा. मग पेटी दहादा बंद-चालू करू नका. सरळ तक्रार नोंदवा. तांबडा नसेल, तर मात्र अर्धा मिनिट बंद ठेवून पाहा. आणि जोडणी घेताना एक ध्यानात असू द्या. एका शून्याला किंवा एकाला बिट म्हणतात. आठ बिटांचा एक बाइट. जाहिरातीत वेग बिटांत सांगतात, फोटोचे वजन बाइटांत असते. शंभर मेगाबिटांची जोडणी म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट. पंचवीस मेगाबाइटचे चलच्चित्र यावयास निदान दोन सेकंद लागणारच; त्यासाठी कंपनीशी भांडू नका.