दोनदा झालेला मायोकार्डायटिस

आजचा भाग जरा वेगळा आहे. दर वेळी मी कोडिंग, नोकऱ्या, स्टार्टअप यावर बडबडतो. आज माझ्या छातीबद्दल बोलणार आहे. आधीच सांगतो, मी बीटेक आहे, डॉक्टर नाही. पण दोन वर्षं स्वतःचे रिपोर्ट वाचून वाचून काही गोष्टी कळल्यात, त्या सांगतो.

मी लालबागचा. तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये ताप आला, तीन दिवसांत उतरला, आणि चौथ्या दिवशी लोअर परळच्या ऑफिसात छातीत दुखायला लागलं. अर्थातच आधी वाटलं ॲसिडिटी. संध्याकाळी हॉस्पिटलात गेलो तर ट्रोपोनिन वाढलेलं. म्हणजे हृदयाच्या स्नायूच्या पेशी फुटून आतलं प्रथिन रक्तात आलेलं. अँजिओग्राफी केली तर नसा एकदम साफ. म्हणाले, व्हायरल मायोकार्डायटिस, हृदयाच्या स्नायूला सूज, तरुणांना होतं, आराम करा. केला आराम.

चौदा महिन्यांनी पुन्हा तेच. या वेळी ताप नाही, सर्दी नाही, काहीच नाही. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी पहिल्या वेळी कोणीच न विचारलेला एक प्रश्न विचारला, "घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का?"

माझा काका. वय ३४. गावी शिमग्याला पालखी नाचवताना कोसळला. घरात आजही कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं मान चुकला असेल. हृदयाचं नाव कधी कोणी काढलंच नाही.

मग एमआरआय झाला. स्नायूच्या बाहेरच्या थरात व्रण दिसले. त्यानंतर जनुकांची तपासणी, आणि त्यात डेस्मोप्लाकिन नावाच्या जनुकात दोष सापडला.

आता हे नीट ऐका, कारण गंमत इथे आहे. (गंमत म्हणजे, तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय.) हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतं. एवढ्या ओढाताणीत पेशींनी एकमेकींना धरून ठेवायला त्यांच्यामध्ये सांधे असतात, डेस्मोसोम. डेस्मोप्लाकिन हे त्या सांध्यातलं प्रथिन. ते कमी पडलं की सांधा सैल होतो, पेशी मरतात, आणि त्यांच्या आतला माल बाहेर सांडतो. आपली प्रतिकारशक्ती तो माल बघते आणि समजते, हल्ला झालाय.

चाळीत रात्री कोणी "चोर, चोर" ओरडलं की काय होतं माहितीय ना? चोर असो नसो, चार मजले काठ्या घेऊन खाली. काळोखात दोन मार घरच्याच माणसाला बसतात. इथे जंतू नसतोच. पांढऱ्या पेशी येतात, दाह होतो, आणखी पेशी मरतात, त्या जागी व्रण आणि चरबी भरते. आणि व्रणातून विजेचा प्रवाह सरळ जात नाही, गोल गोल फिरतो. काकाचं हृदय तसंच थांबलं असणार.

वर्षानुवर्षं समज असा होता की आधी स्नायू बिघडतो आणि सूज मागाहून येते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये असा आजार असलेल्या उंदरांमध्ये एनएफ-कप्पा-बी हा दाहाचा मुख्य स्विच औषधाने दाबला, तर आजाराचं नुकसान बरंच टळलं. त्यांनी एका रुग्णाच्या पेशींपासून बनवलेल्या हृदयपेशी बशीत वाढवल्या होत्या. आजूबाजूला एकही पांढरी पेशी नसताना त्याच दाहाची रसायनं सोडत होत्या. म्हणजे ओरडणारा घरातलाच. टोरांटोच्या संशोधकांना २०१८ मध्ये या रुग्णांच्या रक्तात त्याच सांध्यातल्या डेस्मोग्लीन-२ विरुद्ध अँटीबॉडीही सापडल्या होत्या. पण माणसांसाठी हा दाह थांबवणारं ठरलेलं औषध अजून नाही. मी सध्या बीटा ब्लॉकर घेतो, आणि पळणं बंद.

आमच्या घरापासून केईएम चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. त्या काळी जगभर या शस्त्रक्रियेपुढची मोठी अडचण हीच होती की शरीर परकं हृदय ओळखून त्यावर तुटून पडतं. माझं शरीर स्वतःच्याच हृदयावर तुटून पडतंय. केईएमवरून जाताना दर वेळी हे डोक्यात येतं.

कोणी म्हणेल, हे दुर्मीळ आहे, आपल्याला काय. माझं जनुक दुर्मीळ आहे, मान्य. पण हैदराबादच्या सीसीएमबीच्या डॉ. थंगराज यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की एमवायबीपीसी३ या हृदयाच्या जनुकातले २५ अक्षरांचे एक तुकडे गळालेले लोक भारतात शंभरात साधारण चार आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना कित्येक वर्षं काहीच होत नाही. मग कोणाला होतं आणि कोणाला नाही, हे एकट्या जनुकावर ठरत नाही. इंजिनिअरच्या भाषेत, बग आधीपासून कोडमध्येच आहे, सर्व्हर पडतो लोड आल्यावर. विषाणू, अति व्यायाम, दाह, हा तो लोड.

आणि उलट बाजूने पाहा. लंडन आणि मास्ट्रिख्तच्या रुग्णांवरचा २०२२ चा अभ्यास सांगतो की अचानक मायोकार्डायटिस झालेल्यांपैकी साधारण ८ टक्के लोकांत असा आनुवंशिक दोष होता. म्हणजे प्रत्येक सूज आनुवंशिक नसते, घाबरून जाऊ नका. पण ती पुन्हा आली असेल, किंवा घरात माझ्या काकासारखं कोणी गेलं असेल, तर "व्हायरल" या शब्दावर फाईल बंद करू देऊ नका. साधा ईसीजी आणि इको नॉर्मल येऊ शकतो, माझा पहिल्या वेळी आला होता. एमआरआयबद्दल विचारा.

बाबांचीही तपासणी झाली. त्यांच्यातही दोष आहे, वय ६१, आजवर छातीत कळसुद्धा नाही. म्हणजे माझ्या धाकट्या भावाला तो असण्याची शक्यता निम्मी.

तो २३ वर्षांचा आहे आणि ढोल पथकात आहे. कमरेला ढोल बांधून सहा-सहा तास. मी त्याला चार वेळा सांगितलं, रक्त दे, एवढंच तर आहे. तो म्हणतो, "दादा, दोष निघाला तर तू मला वाजवू देणार नाहीस." खरंय, नाही देणार. सध्या आमच्यात एवढंच ठरलंय की विसर्जन झाल्यावर बघू. सराव सुरू झालाय, आवाज माझ्या खिडकीपर्यंत येतो. रेकॉर्डिंगमध्ये मागे ऐकू आला असेल तर तो तोच आहे.