मत गुप्त, कारण उघड

मतपेटींत पडणारी चिठ्ठी गुप्त असावी, हा लोकशाहीचा सर्वमान्य नियम आहे. परंतु त्या चिठ्ठीमागील कारणही गुप्तच राहावें काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. दोन विरोधी पक्षांपैकीं एकाची निवड करणें फारसें कठीण नसतें; मनाचा कल बहुधा आधींच ठरलेला असतो. खरी कसोटी लागते ती एकाच पक्षांतील दोन उमेदवारांपैकीं एक निवडतांना. दोघेही आपलेच, दोघांचीं ध्येयें बरीचशीं सारखीं. मग एकास होकार आणि दुसऱ्यास नकार कां, हें शेजाऱ्यास पटेल अशा शब्दांत सांगावें लागतें. अमेरिकेंतील मतदारांवर हा प्रसंग दर चार वर्षांनीं येतो.

तेथें राज्याराज्यांतून प्रथम पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक होते, मिळालेल्या मतांवरून उमेदवारांना प्रतिनिधि मिळतात, आणि बहुसंख्य प्रतिनिधि ज्याच्या मागें उभे राहतील तो अध्यक्षपदासाठीं पक्षाचा उमेदवार ठरतो. पूर्वीं ही पद्धति एवढी निर्णायक नव्हती. १९६८ सालीं ह्यूबर्ट हंफ्री यांनीं प्राथमिक निवडणुकांच्या रिंगणांत न उतरतांच डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळविली. त्यावरून मोठा असंतोष माजला, पक्षाला आपले नियम बदलावे लागले, आणि निवडीची किल्ली पुढाऱ्यांच्या हातांतून सामान्य मतदाराच्या हातीं आली. किल्लीबरोबर अर्थातच जबाबदारीही आली.

ही जबाबदारी कशी पार पाडतां येते, याचें एक बोधप्रद उदाहरण २०२० सालच्या फेब्रुवारींत साउथ कॅरोलायना राज्यांत घडलें. त्या वेळीं डेमोक्रॅटिक पक्षांत व्हरमाँटचे सेनेटर बर्नी सँडर्स आघाडीवर होते. न्यू हँपशायर व नेव्हाडा हीं दोन राज्यें त्यांनीं जिंकलीं होतीं. सर्वांस सरकारी आरोग्यविमा आणि सरकारी महाविद्यालयांत विनाशुल्क शिक्षण असा त्यांचा स्पष्ट कार्यक्रम होता, आणि तरुण मतदार त्यांच्याकडे विशेष आकृष्ट झाले होते. उलट माजी उपाध्यक्ष जो बायडन आयोवांत चौथे व न्यू हँपशायरमध्यें पांचवे आले होते. १९८८ व २००८ सालच्या निवडणुकांसाठींही त्यांनीं प्रयत्न केले होते; परंतु एकाही राज्याची प्राथमिक निवडणूक त्यांना तोंवर जिंकतां आली नव्हती.

साउथ कॅरोलायनांत या पक्षाच्या मतदारांपैकीं निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय होते, आणि त्यांचे सर्वांत वजनदार पुढारी होते काँग्रेसचे सभासद जेम्स क्लायबर्न. १९६० सालीं विद्यार्थिदशेंत वर्णभेदाविरुद्धच्या निदर्शनांत त्यांना अटक झाली होती. पुढें ज्या एमिली त्यांच्या पत्नी झाल्या, त्यांची पहिली भेटही त्याच अटकेच्या प्रसंगीं झाली. क्लायबर्न यांचें मत मनांत ठरलें होतें, पण तें उघड झालें नव्हतें. अशांत एका परिचिताच्या अंत्यविधीसाठीं ते एका चर्चमध्यें गेले असतां एका वृद्ध बाईंनीं त्यांना जवळ बोलावलें. आपण कोणाला मत देणार, हें चारचौघांत सांगावयाचें नसेल तर निदान कानांत सांगा, असें त्या म्हणाल्या. क्लायबर्न यांनीं कानांत नांव सांगितलें. त्यावर बाईंनीं सुनावलें कीं, हें ऐकण्याची मला गरज होती, आणि या समाजालाही तें आपल्या तोंडून ऐकण्याची गरज आहे.

२६ फेब्रुवारी रोजीं, मतदानाला तीन दिवस उरले असतां, क्लायबर्न यांनीं बायडन यांना जाहीर पाठिंबा दिला. त्यांच्या भाषणांत योजनांची तुलना थोडी होती. सार एवढेंच होतें कीं, आम्ही या माणसाला ओळखतों, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे, तो आम्हांला ओळखतो. काहीं महिन्यांपूर्वींच दिवंगत झालेल्या पत्नीचेंही मत हेंच होतें, असें त्यांनीं सांगितलें.

हें कारण पुरेसें होतें काय? सँडर्स यांचे समर्थक विचारीत कीं, परिचय म्हणजे कार्यक्रम नव्हे. बायडन यांनीं पुढाकार घेतलेल्या १९९४ सालच्या गुन्हेविषयक कायद्यानें तुरुंगांत कृष्णवर्णीयांची भर घातली, हा आक्षेपही पोकळ नव्हता. त्या कायद्याला क्लायबर्न यांनींही मत दिलें होतें. तथापि ज्यांच्या वाडवडिलांना मताचा हक्कच नाकारला गेला होता, त्या लोकांनीं आजवर आश्वासनें पुष्कळ ऐकलीं होतीं. आश्वासन देणारा संकटाच्या वेळीं कोठें उभा असतो, हें त्यांच्या दृष्टीनें अधिक मोलाचें होतें. एका बाजूला मोठ्या बदलाची आशा होती, दुसऱ्या बाजूला डोनाल्ड ट्रंप यांचा पराभव कोण करूं शकेल याची चिंता होती. दोन्हीं कारणें प्रामाणिक होतीं.

२९ फेब्रुवारी रोजीं बायडन यांना सुमारें ४९ टक्के आणि सँडर्स यांना सुमारें २० टक्के मतें मिळालीं. त्या राज्याच्या सर्व ४६ कौंटींत बायडन पुढें होते. लगेच ३ मार्च रोजीं चौदा राज्यांपैकीं दहा राज्यें त्यांनीं जिंकलीं, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ते अध्यक्षपदीं निवडून आले.

तथापि उघडपणें सांगितलेल्या कारणाचें महत्त्व विजयानें संपत नाहीं. क्लायबर्न यांच्या आग्रहानें बायडन यांनीं मतदानापूर्वींच्या वादसभेंत एक वचन दिलें होतें: सर्वोच्च न्यायालयावर कृष्णवर्णीय स्त्रीची नेमणूक करावयाची. तें उघड दिलेलें असल्यामुळें त्याचा जाब विचारतां येत होता. आणि ७ एप्रिल २०२२ रोजीं सेनेटनें ५३ विरुद्ध ४७ मतांनीं केटांजी ब्राउन जॅक्सन यांच्या नेमणुकीस मान्यता दिली. परंतु परिचयालाही मर्यादा असतात. २०२४ सालीं वय व प्रकृति यांविषयींच्या शंका वाढून बायडन यांना उमेदवारी सोडावी लागली. माणसाची ओळख त्याच्या निष्ठेची ग्वाही देते, त्याच्या शक्तीची नव्हे.

म्हणून आपली निवड दुसऱ्यास सांगणारानें केवळ नांव सांगून थांबूं नये. कोणत्या कसोटीवर ती निवड केली, प्रतिस्पर्ध्यांत कोणता गुण आढळला, आणि कोणत्या अपेक्षेनें मत दिलें, हेंही सांगावें. ऐकणाराला नुसतें नांव मिळालें, तर त्याला मागोमाग जातां येतें किंवा भांडतां येतें; कारण मिळालें, तर त्याला विचार करतां येतो. चर्चमधील त्या वृद्धेनें कानांत मिळालेल्या उत्तरावर समाधान मानलें असतें, तर तिचें स्वतःचें काम भागलें असतें. परंतु तिला शेजाऱ्यांचीही चिंता होती, आणि नागरिकत्वाचा आरंभ नेमका येथूनच होतो.